५० हर्ट्झचा मारिओ: प्रकल्प नोंदी, सोलापूर

९ मार्च २०२५, रविवार

माळ्यावरची दोन्ही खोकी खाली काढली. एकात टॉवेलमध्ये गुंडाळलेला पहिला व्हिडिओ गेम, १९९४ च्या दिवाळीतला. दुसऱ्यात बाकी सगळं: प्लेस्टेशनच्या तोंडवळ्याचा राखाडी डबा, ब्रिक गेम, प्लेस्टेशन-२ म्हणजे पीएस-२, गेमच्या पिवळ्या कॅसेटींची पिशवी, बंदूक, आणि कुठला कशाचा ते वायर धरून शोधावे लागतील असे अ‍ॅडॉप्टर. पीएस-४ टीव्हीखाली चालू आहे, त्याला या कामात धरत नाही.

काम असं ठरवलंय. लहानपणापासून घरात आलेलं प्रत्येक मशीन चालू करायचं, उघडून आतल्या बोर्डाचे फोटो काढायचे, चिपवरचे आकडे उतरवून घ्यायचे आणि ते मशीन प्रत्यक्षात कसं चालायचं हे लिहून ठेवायचं. निन्टेंडो, सेगा, सोनी यांच्या मशिनांवर भरपूर लिहिलं गेलंय. निन्टेंडोचा फॅमिकॉम हा व्हिडिओ गेम जपानात १५ जुलै १९८३ ला आला, मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली, त्यातल्या चिपचा कोपरा न् कोपरा लोकांनी अभ्यासलाय. पण आमच्या पेठेतली पोरं ज्या डब्यावर मारिओ खेळली त्यावर निन्टेंडोचं नाव नव्हतंच. ती फॅमिकॉमची नक्कल होती. अशा नकला तेव्हा गल्लोगल्ली होत्या, आज त्या भंगाराच्या गाड्यावर दिसतात. ज्यांनी त्या वापरल्या त्यांनीच त्यांची नोंद करायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

निमित्त ताईचं झालं. भाच्यानं लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनसारखं वागणारा प्रोग्रॅम, टाकून तिला सुपर मारिओ लावून दिला. आमच्या गल्लीत शेवटच्या किल्ल्यातला ड्रॅगन मारणारी एकटी ताई. ती पहिल्याच लेव्हलच्या खड्ड्यांत पडायला लागली. म्हणाली, "हा मारिओ लै पळतोय. आपला असा नव्हता." भाचा म्हणाला, "आई, गेम तोच आहे, तुझी सवय गेलीय." मला ताईचं म्हणणं उडवून लावता येत नाही. वर्षानुवर्षं एकच उडी मारलेली बोटं आहेत ती. मोजून बघायचं.

१५ मार्च, शनिवार

पहिला गेम उघडला. तळाचे स्क्रू गंजले होते. थेंब थेंब तेल सोडून रात्रभर ठेवले तेव्हा फिरले.

झाकण निघालं आणि आत बोर्ड दिसलाच नाही, दिसली ती कापसाची राखाडी लव. बोटभर जाड थर. आम्ही तेव्हा कारखान्याच्या मागच्या खोल्यांत राहायचो. बाबा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारे. यंत्रमाग सुरू असला की लव हवेत तरंगायची, ती कपड्यांवर, भांड्यांवर, केसांत बसायची. ती इथंही आत शिरली आणि तीस वर्षं राहिली. रंगाच्या मऊ ब्रशनं सोडवून घेतली. थोडी काचेच्या बाटलीत ठेवली आहे, फोटोबरोबर राहील.

खालचा बोर्ड सुस्थितीत. ४० पायांच्या दोन मोठ्या चिप: यूए ६५२७ पी आणि यूए ६५३८. तैवानच्या युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे यूएमसीच्या. पहिली हिशेब आणि आवाज सांभाळते, दुसरी चित्र काढते. प्रत्येकीच्या दिमतीला दोन किलोबाइट मेमरी. आजच्या मोबाइलमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही, आणि त्यावर आख्खा मारिओ चालतो! प्रोसेसरचं घराणं म्हणजे १९७५ चा एमओएस टेक्नॉलॉजीचा ६५०२. चिपवर ९३४१ छापलंय, म्हणजे १९९३ सालचा ४१ वा आठवडा. दुकानात पोचायला तिला वर्ष लागलं.

मग क्रिस्टल बघितला, मशीनचा वेग ठरवणारा. चपट्या पत्र्याच्या डबीवर २६.६०१ लिहिलंय. जपानी फॅमिकॉममध्ये हा आकडा २१.४७७ मेगाहर्ट्झ असतो. म्हणजे आमचं मशीन फॅमिकॉमची शब्दशः नक्कल नाही, त्याच्या काळजाचा ठोकाच वेगळा आहे. ताईच्या तक्रारीचं उत्तर इथंच असणार.

२२ मार्च, शनिवार

वीज. जुना अ‍ॅडॉप्टर लावायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. मीटर लावून टोकाचं प्लस-मायनस तपासलं: मधला मायनस, बाहेरचा प्लस, मूळ फॅमिकॉमसारखाच. हल्लीचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या उलटे असतात. कुणी जुना गेम माळ्यावरून काढणार असेल तर आधी हे बघा, मग बटण दाबा.

आत ७८०५ रेग्युलेटर आहे, तो बाहेरून आलेल्या ९ व्होल्टचे ५ करतो आणि उरलेली ऊर्जा उष्णता म्हणून टाकून देतो. म्हणून खेळता खेळता डब्याची उजवी बाजू तापायची. आई त्यावर हात ठेवून बघायची आणि "आता बास, मशीन तापलं" म्हणून बंद करायला लावायची. रेग्युलेटर आणि फुगलेला मोठा कॅपॅसिटर नवी पेठेतून आणून बदलले. आता ५.०२ व्होल्ट येतात, स्थिर.

मागे आरएफ आहे, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावायची वायर; बाजूला चित्र आणि आवाज थेट देणारं एव्हीही आहे. एव्ही लावलं. टीव्हीवर करडा पडदा आला, त्यापुढं काही नाही. म्हणजे मशीन जिवंत आहे, त्याला कॅसेट वाचता येत नाही.

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस कॅसेटींचा.

पिवळी कॅसेट उघडली की आत तळहातापेक्षा लहान हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळ्या रेझिनचा गोळा. त्या गोळ्याखाली उघडी चिप थेट बोर्डावर चिकटवलेली असते. स्वस्तात बनवायचा हा सरळ मार्ग. खाली ६० पट्ट्या, दोन्ही बाजूंना ३०-३०. या पट्ट्या काळवंडल्या की गेम रुसतो. आम्ही सगळ्यांनी त्यात फुंकर मारली आहे. फुंकर मारून चालायचा तो फुंकरीनं नाही, काढून पुन्हा बसवल्यामुळं पट्टी पिनेला घासायची म्हणून. श्वासातल्या ओलीनं उलट तांब्यावर हिरवट डाग चढले, ते आज भिंगातून स्पष्ट दिसले.

आधी साधं खोडरबर हलक्या हातानं, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल. काडी काळी निघते तोवर चालू ठेवायचं.

लहानपणचं एक कोडं यात सुटलं. कधीकधी गाणं व्यवस्थित वाजायचं, मारिओ उड्या मारल्याचा आवाज यायचा, पण पडद्यावर विटांऐवजी अक्षरांचा चिवडा. आम्ही म्हणायचो गेमला ताप आलाय. कारण असं, की कॅसेटीत दोन वेगळे भाग असतात. एक प्रोसेसरला थेट जोडलेला, त्यात गेमचा प्रोग्रॅम. दुसरा चित्राच्या चिपला थेट जोडलेला, त्यात चित्रांचे ठसे. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या. चित्राकडची एखादी पट्टी खराब झाली की गेम बिनबोभाट चालत राहतो, फक्त दिसत नाही. प्रोग्रॅमकडची खराब झाली तर कालच्यासारखा करडा पडदा. म्हणजे काय दिसतं त्यावरून कुठली बाजू पुसायची ते कळतं.

"९९९९९९९ इन १" लिहिलेली कॅसेटही आहे. तिच्या यादीत खाली खाली गेलं तरी संपत नाही. मोजके गेम आहेत, तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा येतात. फक्त सुरुवात कुठल्या लेव्हलपासून किंवा किती जीव घेऊन करायची एवढा बदल. लहानपणी यात फसवणूक वाटली नाही आणि आजही वाटत नाही. नवी कॅसेट मिळायची नाही तेव्हा तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा मारिओ हा आम्हाला वेगळाच गेम होता. टँक, रोड फायटर, सर्कस, एक्साइटबाइक, बर्फाचे मजले चढायचा तो आइस क्लाइंबर, आणि कॉन्ट्रा. कॉन्ट्रामध्ये ३० जीव मिळवायचा मंत्र, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, आमच्याकडं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आला, शेजारच्या तेलुगू घरातल्या मित्राकडून. त्याला तो शाळेत कुणीतरी दिला होता. हाच मंत्र कोनामी कंपनीच्या १९८६ च्या ग्रेडियस गेममध्ये पहिल्यांदा आला, तिथल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी तो घातला होता. जपानमधल्या एका प्रोग्रॅमरनं स्वतःच्या सोयीसाठी केलेली गोष्ट सोलापुरातल्या वहीच्या पानावर पोचायला इंटरनेट लागलं नाही.

संध्याकाळी मारिओ लागला. आवाज ऐकून बाबा आतल्या खोलीतून बाहेर येऊन बसले.

३० मार्च, गुढीपाडवा

ताई आणि भाचा जेवायला आले होते. श्रीखंड-पुरी झाल्यावर टीव्हीला आमचं मशीन, शेजारी भाच्याचा लॅपटॉप, असं मांडून मोजणी केली.

पद्धत: दोन्हीकडं पहिली लेव्हल सुरू करायची आणि मारिओला हलवायचंच नाही. वर उजव्या कोपऱ्यात ४०० पासून वेळ उतरते. ती शून्यावर येईपर्यंत किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजायचं.

लॅपटॉप: २ मिनिटं ४० सेकंद.
आमचं मशीन: ३ मिनिटं १२ सेकंद.

ताई काही बोलली नाही, फक्त भाच्याकडं बघितलं. भाच्यानं लॅपटॉपवर पुन्हा मोजायला लावलं. तेच आलं.

कारण सांगतो, कारण हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे. मारिओमधली वेळ सेकंदांवर चालत नाही, पडद्यावर किती चित्रं उमटली त्यावर चालते. २४ चित्रं झाली की वेळ एकनं कमी. गेममधलं बाकीचंही, पळणं, उडी, कासवाचं चालणं, सगळं चित्रागणिक पुढं सरकतं. जपानी आणि अमेरिकी टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचे, कारण तिथली पद्धत एनटीएससी. आपल्याकडं पाल पद्धत, सेकंदाला ५०, म्हणजेच ५० हर्ट्झ. आमचं मशीन आपल्या टीव्हीसाठी केलेलं, म्हणून तेही ५० नं चालतं. गेम मात्र ६० साठी लिहिलेला, कॅसेटीत काहीच बदल नाही. म्हणून जपानी पोरगा ज्या खड्ड्यावरून एका सेकंदात उडी मारायचा त्याला आमच्याकडं १.२ सेकंद मिळायचे. लॅपटॉपवरचा इम्युलेटर ६० नं चालतो. ताईला जे जाणवलं ते जसंच्या तसं खरं होतं.

यात बाबांची भर. दोन्हीकडचं गाणं एकामागून एक लावलं होतं. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "सूर एकच आहे. ठोका वेगळा. ह्या लॅपटॉपवाल्याला मोठी पुली बसवलीय." मागाच्या मोटरला मोठी पुली लावली की तोच माग जलद चालतो, खटखट वाढते, जॉबरला ते दारातूनच कळतं. चाळीस वर्षं मागांचा वेग कानानं ओळखलेल्या माणसानं मीटरशिवाय दुसरी मोजणी करून दिली.

आणि सूर एकच आहे हे त्यांचं वाक्य मला दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरलं. वेग कमी झाला तर सूरही उतरायला पाहिजे, टेप रेकॉर्डरचे सेल उतरल्यावर उतरायचा तसा. तो का उतरला नाही?

६ एप्रिल, रामनवमी

उत्तर क्रिस्टलमध्येच आहे. शांत बसून हिशेब मांडला.

आवाजाची पट्टी प्रोसेसरच्या वेगावर ठरते, गाण्याची लय चित्रांच्या वेगावर. दोन्ही गोष्टी वेगळ्या. जपानी फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झनं चालतो. निन्टेंडोनं युरोपातल्या पाल टीव्हीसाठी जे मशीन काढलं त्यात २६.६०१ ला १६ नं भागलंय, प्रोसेसरला मिळतात १.६६. तिथं जपानसाठी लिहिलेलं गाणं वाजवलं तर लय तर संथ होतेच, सूरही अर्ध्या स्वराहून जास्त खाली येतो. यूएमसीच्या चिपनं त्याच क्रिस्टलला १५ नं भागलंय. मिळतात १.७७. जपानीच्या अगदी जवळ, फरक एक टक्क्याच्याही आत. म्हणून आमच्या मारिओचा सूर जवळजवळ जपानचा आणि लय आपल्या टीव्हीची.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. पालच्या एका चित्रात ३१२ ओळी, एनटीएससीच्या २६२. ५० ओळी जास्तीच्या. निन्टेंडोच्या युरोपी मशीननं हा सगळा वेळ चित्र संपल्यावरच्या मोकळ्या काळात घातला. जपानी गेमला तेवढा मोकळा वेळ माहीत नसतो, त्यामुळं काही गेमचं वेळापत्रक बिघडतं. यूएमसीच्या चिपमध्ये चित्र संपल्यावर आधी या जादा ओळी नुसत्या जाऊ दिल्या जातात, आणि मग प्रोसेसरला "आता मोकळा वेळ सुरू" हा इशारा मिळतो. गेमला कळतच नाही की तो परक्या टीव्हीवर आहे. म्हणून जपानी कॅसेट घातली की सरळ चालायची.

या मशिनांना आपण नक्कल म्हणतो, आणि परवान्याशिवाय केलेली नक्कल ती होतीच. पण ही चिप आखणाऱ्या माणसांनी निन्टेंडोच्या पाल मशीनपेक्षा या एका प्रश्नाचं उत्तर जास्त नेमकं काढलं होतं, हे मला नोंदवायचंय. त्यांची नावं कुठल्याही डब्यावर नाहीत.

इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये एनटीएससी आणि पाल यांच्याखाली तिसरा पर्याय असतो: डेंडी. रशियात १९९२ च्या डिसेंबरात याच जातीचं मशीन डेंडी नावानं विकायला आलं. तिथल्या लोकांनी आपल्या बालपणाचं मशीन इतक्या निगुतीनं मोजून ठेवलं की त्याच्या वेगाला त्याचंच नाव मिळालं. भाच्याला फोन करून तो पर्याय निवडायला सांगितला. रात्री ताईचा मेसेज आला: पहिले दोन किल्ले पार.

१३ एप्रिल, रविवार

बंदूक. बदकांचा गेम, डक हंट, १९८४ चा. नव्या टीव्हीवर बंदूक चालणारच नाही हे माहीत होतं, म्हणून डबा टीव्ही शोधत होतो. साखर पेठेतल्या जुन्या टीव्ही मेकॅनिककाकांकडं कोपऱ्यात एक २१ इंची पडून होता. त्यांनीच तो उघडून तपासला. पिक्चर ट्यूबवर बंद केल्यावरही हजारो व्होल्ट राहू शकतात, तिथं माहिती नसलेल्यानं हात घालू नये, आणि मीही घातला नाही. पैसे घेताना काकांनी विचारलं, "कशाला पाहिजे हा?" सांगितलं. म्हणाले, "बदकं मारायची का? मग ब्राइटनेस वाढवून देतो."

बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे, ती टीव्हीकडं बघते. घोडा ओढला की एका चित्रापुरता पडदा पूर्ण काळा होतो. पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. दोन बदकं असतील तर आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. नळीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. कितव्या चित्रात दिसला त्यावरून कुठलं बदक ते ठरतं. हे इतक्या झटक्यात होतं की आपल्याला नुसता पडदा लुकलुकल्यासारखा वाटतो. लहानपणी ट्यूबलाइटकडं बंदूक धरून बदकं पडतात का ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं, पडत नव्हती. कारण हेच: आधी अंधार दिसायला हवा, आणि ट्यूबलाइट काही काळी होत नाही.

नव्या टीव्हीवर हे जमत नाही याची दोन कारणं. एक म्हणजे तो चित्र थोडं थांबवून, प्रक्रिया करून दाखवतो, तोवर मशीननं विचारून झालेलं असतं. दुसरं, पिक्चर ट्यूबवर एक ठिपका ओळीमागून ओळ काढत जातो, सेकंदाला १५,६२५ ओळी. बंदुकीतलं सर्किट त्याच लुकलुकीला प्रतिसाद देतं. एलसीडीचा उजेड तसा लुकलुकत नाही.

भाच्यानं पहिल्या फेरीत सगळी बदकं पाडली. त्याच्या वयात ताई नळी काचेला टेकवून मारायची. त्यानंही काही वेळातच तेच सुरू केलं.

२० एप्रिल, रविवार

ऊन बेचाळीसच्या घरात. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकचं काम यालाच ठेवलं होतं. सलूनच्या सामानाच्या दुकानातून १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम, म्हणजे तिथल्या भाषेत ४० व्हॉल्यूमचं. हातमोजे, गॉगल, प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, गच्ची. क्रीम वाळू द्यायचं नाही, वाळलं की पट्टे उमटतात. सोलापूरच्या उन्हात ते भराभर वाळतं, म्हणून सकाळचं कोवळं ऊन घेतलं. दोन्ही रिमोट पुन्हा पांढरे.

मुख्य डबा तसाच ठेवला. त्याच्या तळाला बाबांनी ऑइल पेंटनं आमचा खोली क्रमांक लिहिलाय, मागांवर नंबर टाकायचे त्याच कुंचल्यानं. त्याच्यावर कसलंही क्रीम लावायचं नाही.

१ मे, गुरुवार

राखाडी डबा. १९९९. दिसायला हुबेहूब प्लेस्टेशन: वर गोल झाकण, बटणं, रिमोटवरच्या खुणाही. झाकण उघडलं की मात्र सीडीऐवजी कॅसेटीची खाच. मामांनी आणला होता, आणि त्यांनी तो आणला याचा मला त्या दिवशी झालेला आनंद आजही पुरेपूर आठवतो. सीडी नसल्याचं दुःख झालं नाही. घरातल्या सगळ्या कॅसेटी त्यात चालल्या, बदकंसुद्धा.

आत दोन मोठ्या चिपच्या जागी एकच काळा गोळा. पाच वर्षांत सगळं फॅमिकॉम एका चिपमध्ये बसलं होतं. त्यामुळं किंमत उतरली, आणि दुरुस्तीची सोयही संपली: गोळ्याखाली काही बिघडलं तर काढून बदलता येत नाही. हा चालतोय. वायर तुटली होती, डाग दिला, झालं. मोजणी: हाही ५० चा.

११ मे, रविवार

पीएस-२. पुण्यातल्या नोकरीच्या पगारातून घेतलेला, हा स्लिम. पहिला खराखुरा ब्रँडेड. त्याचं सगळं जगाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. डिस्क फिरायची पण वाचायची नाही. लेन्स अल्कोहोलनं पुसली, सरकायच्या दांड्यांना नवं ग्रीस दिलं, वाचायला लागला. घड्याळाची सीआर २०३२ बटण बॅटरी बदलली.

एकच गोष्ट नव्यानं लक्षात आली. पाल डिस्कांपैकी काहींत सुरुवातीलाच प्रश्न येतो: ५० हर्ट्झ की ६०? तेव्हा काही न समजता मी नेहमी पहिलाच पर्याय दाबायचो. घरातलं शेवटचं ५० चं मशीन हेच. पीएस-४ ला तो प्रश्न उरलाच नाही.

आपल्याकडच्या खेळांची एक डिस्क सापडली, देसी अड्डा, २००९ ची, हैदराबादला बनलेली. त्याच वर्षी हनुमानावरचाही एक गेम याच मशीनवर आला होता, तोही हैदराबादचाच. देसी अड्डा लावून बघितला. कबड्डी आहे. बाबा मिलच्या मैदानावर कबड्डी खेळायचे. ते रिमोट हातात घेऊन बराच वेळ खेळले आणि "दम धरल्याचं नीट दाखवलंय" असं सर्टिफिकेट त्यांनी दिलं.

ब्रिक गेमला नवे सेल घातले, लगेच चालू. १० बाय २० चे ठोकळे, तेच गाणं. फोटो काढून परत डबीत.

१८ मे, रविवार

कॉन्ट्राचा मंत्र देणारा मित्र आला. मी हे करतोय हे त्याला कळलं आणि तो स्वतःचा गेम पिशवीत घालून घेऊन आला. "हे बघ बे, चालतंय का." काळा डबा, बाहेरून सेगाच्या मेगा ड्राइव्हसारखा, आतून आमच्यासारखाच फॅमिकॉमचा भाऊ. त्याच्या चुलत्यांनी मस्कतहून आणलेला.

त्यांच्याकडं रंगीत टीव्ही होता आणि तरी गेम काळा-पांढराच दिसायचा. त्याच्या वडिलांनी टीव्ही दोनदा दुरुस्तीला नेला. कुणालाच दोष सापडला नाही. ताई त्यांच्याकडं खेळायला जायची नाही, म्हणायची तिथं हात बसत नाही. आम्हाला वाटायचं रंग नसल्यामुळं.

उघडला. क्रिस्टलवर २१.४७७.

एनटीएससी. रंगाची माहिती ३.५८ मेगाहर्ट्झवर पाठवणारा, आणि पाल टीव्ही ती शोधणार ४.४३ वर. चित्र बऱ्याच टीव्हींवर स्थिर बसतं, रंग मात्र लागत नाही. टीव्हीत कधी काही बिघडलंच नव्हतं. आणि वेग ६० चा, म्हणजे ताई जे म्हणत होती तेही बरोबर.

पट्ट्या पुसल्या, ७८०५ ठीक होता. आत्ताच्या टीव्हीला दोन्ही पद्धती कळतात. लावला तर आकाश निळं आलं. मित्रानं लगेच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल टीव्हीसमोर धरून तेलुगूत त्यांना क्रिस्टलपासून सगळं समजावून सांगितलं. वडिलांचा प्रश्न एकच होता, दुरुस्तीवाल्याला दिलेल्या पैशांचं काय.

मोजणी: २ मिनिटं ४० सेकंद. फोटो काढले. चिपवरचे आकडे घासून पुसलेले आहेत, तिरका उजेड टाकून उद्या वाचायचे. मित्राच्या ओळखीत भवानी पेठेत आणि अक्कलकोट रोडला आणखी दोघांकडं जुने डबे आहेत. पुढच्या रविवारी मीटर, भिंग आणि स्टॉपवॉच घेऊन तिकडं.